जुन्या खटाऱ्याला कोणते ग्राफिक्स कार्ड मानवेल?

खटारास्वार
नमस्कार मंडळी. बरीच वर्षे वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे एका ऑफिसातून निकालात निघालेला ब्रँडेड कॉम्प्युटर आहे. आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम, विंडोज १०. त्यात जीटी ७३० हे २ जीबीचे कार्ड आहे. जीटीए फाइव्ह सगळी सेटिंग्ज तळाला नेऊन २४-२५ एफपीएसवर (सेकंदाला दिसणारी चित्रे) रखडतो आणि नव्यातले काही गेम तर उघडायलाच नकार देतात. नवीन मशीनचा विषय सध्या काढायचा नाही. कार्ड तेवढे बदलायचे आहे, तेही हात आखडता घेऊनच.

तीन नावे काढली आहेत: वापरलेले आरएक्स ५८०, जीटीएक्स १६५० आणि आरएक्स ६४००. व्हिडिओ बघून बघून डोके भणाणले आहे. कोणते घेऊ?

टिंगलखोर
३४७० म्हणजे २०१२ सालचा. त्याला कार्ड नको, पेन्शन द्या.

फ्रेमगणित
आरएक्स ५८०, ८ जीबी. डोळे मिटून घ्या. मेमरी बस, म्हणजे कार्डाच्या मेमरीकडे जाणारा रस्ता, २५६ बिटचा आहे, सेकंदाला २५६ जीबी डेटा जातो. तुमच्या ७३० ची ६४ बिटवाली डीडीआर३ आवृत्ती असेल तर तिचा आकडा १४.४ आहे. बैलगाडी आणि मालगाडी. १६५० यापुढे लिंबूटिंबू.

सोल्डरताई
डोळे मिटून घेऊ नका, आधी उघडून कॅबिनेटमध्ये बघा. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, किती वॅटचा आहे? त्यातून ग्राफिक्स कार्डासाठी ६ किंवा ८ पिनांची वायर निघते का? ब्रँडेड मशीन म्हणालात म्हणून विचारते. ५८० ला १८५ वॅट लागतात आणि ८ पिनांची जोडणी. तुमच्या डब्यात ती नसेल तर हा धागा इथेच संपतो.

खटारास्वार
ताई, कॅबिनेट कधी उघडलेच नाही. रविवारी बघून सांगतो.

फ्रेमगणित
वायर नसेल तर साटाचे, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणारे, दोन प्लग जोडून ६ पिन करून देणारा अडॅप्टर मिळतो. त्यात काय एवढं.

पंखाफिरे
@फ्रेमगणित, त्यात काय एवढं ते सांगतो.

मीही हाच शहाणपणा केला होता. साटाच्या एका प्लगमधून १२ व्होल्टवर ५४ वॅट घ्यावेत, त्याहून जास्त नाही. ६ पिनेतून कार्ड ७५ पर्यंत मागते. माझा अडॅप्टर तर एकाच साटा प्लगवरून निघणारा होता. पहिले तीन दिवस सगळे झकास. चौथ्या दिवशी गेम ऐन रंगात असताना स्क्रीन काळी पडली आणि पाठोपाठ वास. बाजू उघडून बघतो तर काळा प्लग एका कडेने मेणासारखा ओघळला होता आणि त्याची पिवळी वायर हाताला लागताच सुटून आली. हार्ड डिस्क वाचली हे नशीब. तो प्लग अजून खणात ठेवलाय, कुणी असला सल्ला दिला की काढून दाखवतो. आज तुम्हाला दाखवला असं समजा.

फ्रेमगणित
एकाच प्लगवरून घेतलात म्हणून जळला. मी दोन म्हणालो होतो.

सोल्डरताई
ते दोन प्लग बहुधा एकाच वायरवर ओवलेले असतात. आणि ५८० ला ६ नाही, ८ पिना लागतात, म्हणजे १५० वॅटची सोय. गणित तुमच्याच नावात आहे, करून बघा.

टिंगलखोर
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

कॅथोडकिरण
आमच्या वेळी कार्ड एजीपी नावाच्या जुन्या स्लॉटात बसायचे आणि पंखा नसला तरी चालायचे. आता कार्डाला स्वतःची वायर, स्वतःचे तीन पंखे आणि खाली पडू नये म्हणून आधाराची काठी. म्हातारपण आम्हाला आले की कार्डांना, कळत नाही.

असो. धागाकर्त्या, एक सोपी कसोटी सांगतो. जीटीए चालू कर, रेझोल्यूशन सगळ्यात खाली आण, ८००×६०० वगैरे. चित्र भयाण दिसेल, दिसू दे. जे एफपीएस येतील तेवढीच तुझ्या प्रोसेसरची झेप. कार्ड कितीही दणकट आणलेस तरी त्या आकड्याच्या वर फारसा जाणार नाहीस. आकडा ३० च्या आतच राहिला तर मात्र दोष कार्डाचा आहे असे लगेच म्हणू नकोस.

रिकामा_स्लॉट
काकांना अनुमोदन. भर एवढीच की ८ जीबीची एकच रॅम पट्टी असेल तर ती चाचणीही रडत चालेल. ४-४ च्या दोन पट्ट्या दोन चॅनेलवर टाकल्या की प्रोसेसरला मोकळा श्वास मिळतो. गेममध्ये मध्येच अडखळल्यासारखे होते ना, ते पुष्कळदा याने कमी होते.

खटारास्वार
रविवार उजाडला, कॅबिनेट उघडले. आत धुळीची गोधडी होती. प्रोसेसरच्या पंख्याखाली बोट फिरवले तर करड्या नमद्याची अख्खी पट्टी निघाली.

एसएमपीएस २७५ वॅटचा. ६ पिन नाही, ८ पिन तर नाहीच. मदरबोर्डला जाणारी जोडणीही नेहमीसारखी दिसत नाही, त्यामुळे एसएमपीएस बदलणे अवघड वाटते. स्लॉटपासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत पट्टीने मोजले, साधारण २० सेंटीमीटर भरले. रॅमची पट्टी एकच, ८ जीबीची.

८००×६०० वर जीटीए ५५ ते ६० एफपीएस देतोय, पण मध्ये मध्ये गचके. नेहमी १६०० बाय ९०० वर खेळतो, मॉनिटरच तेवढा आहे.

म्हणजे ५८० चे स्वप्न गेले म्हणायचे का?

सोल्डरताई
गेले, आणि बरे झाले. आता चित्र स्वच्छ आहे. पीसीआय एक्सप्रेसचा मोठा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. तुमचे कार्ड तेवढ्यात भागले पाहिजे. तुमच्या प्रोसेसरची टीडीपी, म्हणजे जोरात चालतानाची भूक, ७७ वॅट, कार्ड ७५, बाकी सगळे मिळून ३०-४० धरा. २७५ चा डबा धडका असेल तर निभावून नेईल.

विनावायर कार्डांत तुमच्यासाठी खरी नावे म्हणजे १०५० टीआय, १६५०, आरएक्स ६४०० आणि आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीवाले. ३०५० च्या बाबतीत नीट बघा, ८ जीबीवाले १३० वॅट खाते आणि त्याला वायर लागते. नाव तेच, जात वेगळी.

उंटावरचा_शहाणा
इंटेलचे आर्क ए३८० कसे विसरलात? ६ जीबी मेमरी, ७५ वॅट.

रिकामा_स्लॉट
आर्कला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम गाठू देणारी सोय) चालू लागतो. धागाकर्त्याचा बोर्ड ती सोय घरगुती मशीनांत येण्याआधीचा आहे. ती नसेल तर आर्क सपशेल लोळण घेते. जुन्या मशीनला कृपया नको.

उंटावरचा_शहाणा
शब्द मागे घेतो. उंटावरून उतरलो.

फ्रेमगणित
ठीक, ५८० चा हट्ट सोडतो. मग ६४०० घ्या. ५३ वॅट, २०२२ चे कार्ड, लहानखुरे, २० सेंटीमीटरात सहज बसेल. १६५० म्हणजे २०१९ चा माल.

रिकामा_स्लॉट
इथे थांबा. ६४०० चा कनेक्टर दिसतो लांबलचक, पण त्यात डेटाच्या चारच लेन जोडलेल्या आहेत. पीसीआय एक्सप्रेस ४.० वर चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी जातात. ३.० वर तेच निम्मे, आणि २.० च्या बोर्डवर जेमतेम २. मेमरी ४ जीबीच, त्यामुळे गेमचे टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रे) तिच्यात मावले नाहीत की कार्डाला रॅमकडे धावावे लागते, आणि धावायचे कुठून तर या बोळातून. १६५० ला पूर्ण १६ लेन आहेत. ३.० वर १६ जीबीच्या आसपास. मेमरी त्याचीही ४ जीबीच, पण मावेनासे झाले तरी रस्ता रुंद आहे.

शिवाय ६४०० मध्ये व्हिडिओ एन्कोडर नाही. खेळताना रेकॉर्डिंग करायचे असेल तर ते ओझे प्रोसेसरच्या डोक्यावर, आणि इथे बिचाऱ्याला चारच कोअर आहेत.

खटारास्वार
माझा बोर्ड २.० आहे की ३.० हे कसे कळणार? जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये "x८ २.०" दिसतेय. म्हणजे संपलेच ना?

सोल्डरताई
घाबरू नका, तो आकडा तुमच्या ७३० चा आहे. ते कार्ड मुळातच २.० आणि आठ लेनचे, बोर्ड ३.० चा असला तरी ते तेच दाखवणार. तुमचा प्रोसेसर आयव्ही ब्रिज पिढीचा, तो ३.० देऊ शकतो. त्याच्या आधीचे सँडी ब्रिज, म्हणजे २४०० वगैरे, २.० वरच अडकलेले. बोर्डाच्या माहितीपत्रकात स्लॉटसमोर काय लिहिले आहे ते बघा. आणि नवे कार्ड टाकल्यावर निवांत असताना तिथे "१.१" दिसले तरी बोंब मारू नका. वीज वाचवायला ते खाली उतरते. शेजारचे प्रश्नचिन्ह दाबून चाचणी चालू केली की खरा आकडा दिसतो.

पंखाफिरे
मी १०५० टीआयच्या बाजूने होतो, पण आता नाही. त्याच्या पास्कल पिढीची गेमसाठीची ड्रायव्हर अद्यतने ऑक्टोबर २०२५ ला थांबली. यापुढे फक्त सुरक्षेपुरती, २०२८ पर्यंत. १६५० त्यानंतरच्या ट्युरिंग पिढीचे आहे, त्याचे अजून चालू आहे. विंडोज १० चा आधारही त्याच महिन्यात संपला हा वेगळा विषय, तो इथे काढत नाही, नाहीतर लिनक्सवाले येतील.

लिनक्सवाला_नव्हे
बोलावलेत?

पंखाफिरे
आयडीत "नव्हे" असूनही आलात.

लिनक्सवाला_नव्हे
जाताजाता एवढेच सांगतो, लिनक्सवर जुन्या रेडिऑन कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, त्यामुळे कंपनीने हात वर केले तरी ५८० सुखात चालते. धागाकर्त्याला वायर नाही हे माहीत आहे, मारू नका.

एकशिंगी
अवांतर: मायनिंगमध्ये, म्हणजे आभासी चलन कमवायला, वापरलेली कार्डे घ्यावीत की नाही? इथरियमचे मायनिंग सप्टेंबर २०२२ ला बंद पडले तेव्हा अशी कार्डे ढिगाने बाहेर आली. मित्र म्हणतो हातही लावू नको.

कॅथोडकिरण
मित्राचे अर्धेच खरे. नीट चालवलेली मायनिंगची कार्डे कमी व्होल्टेजवर, एकाच तापमानाला वर्षानुवर्षे फिरलेली असतात. रोज तापून रोज गार होणाऱ्या कार्डापेक्षा ती बरी निघू शकतात. जातात ते पंखे आणि थर्मल पेस्ट. खरी भानगड बायोसची, म्हणजे कार्डातल्या मूळ प्रोग्रामची. मेमरीचे टायमिंग बदललेला बायोस तसाच ठेवून विकतात आणि गेममध्ये रंगीत चौकोन नाचायला लागतात. काही ५८० वर दोन बायोसचे बारके बटण असते, ते सरकवून बघायचे.

आणि ५८० च्या नावापुढे २०४८एसपी लिहिलेले असेल तर ते अंगाने ५७० आहे. खऱ्या ५८० मध्ये २३०४ एसपी, म्हणजे कार्डाचे बारके कोअर.

खटारास्वार
मंडळी, एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या मॉनिटरला फक्त व्हीजीए आहे, तोच निळा पंधरा पिनांचा. १६५० च्या एकाही मॉडेलला व्हीजीए दिसत नाही. पण आत्ताच एक जाहिरात सापडली: १०५० टीआय, ४ जीबी, आणि मागे चक्क व्हीजीए पोर्ट! किंमतही इतरांपेक्षा खूप कमी. ड्रायव्हरचे जाऊ द्या, माझा प्रश्न एका फटक्यात सुटतो. घेऊन टाकू का?

सोल्डरताई
नको!

रिकामा_स्लॉट
नको.

पंखाफिरे
पैसे पाठवले नाहीत ना अजून?

सोल्डरताई
व्हीजीएला लागणारा अॅनालॉग सिग्नल पास्कलच्या चिपमधून निघतच नाही. त्यामुळे १०५० टीआयच्या पाठीला व्हीजीए आणि वर दामही कमी, म्हणजे मामला संशयाचा. अशी बरीच कार्डे आत जीटीएस ४५० किंवा ५५० टीआय निघतात, २०१०-११ ची फर्मी चिप, १९२ कोअर. बायोसमध्ये नाव बदलून विंडोजला फसवतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "१०५० टीआय" असेच झळकते. खऱ्यात ७६८ कोअर असतात. जीपीयू-झेड २०१८ पासून असली सोंगे ओळखून नावाआधी "फेक" लिहिते. विकणाऱ्याकडे त्याचा स्क्रीनशॉट मागा आणि गंमत बघा.

खटारास्वार
मागितला. त्याने मला ब्लॉक केले.

टिंगलखोर
कार्ड नकली, पण लाज अस्सल.

खटारास्वार
मग व्हीजीएचे काय करू? १६५० ला मागे डीव्हीआय आहे आणि जुन्या वायरींच्या पेटीत डीव्हीआय ते व्हीजीए असा चिमुकला प्लग आहे.

रिकामा_स्लॉट
तो बसणार नाही. त्या प्लगवर आडव्या पात्याच्या वर दोन आणि खाली दोन अशा चार जादा पिना असतील बघा, अॅनालॉग सिग्नल तिथूनच जातो. १६५० च्या डीव्हीआयला ती चार भोकेच नाहीत. जोर लावाल तर पिना वाकतील. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर घ्या, ज्याच्या आत चिप असते तो. नुसती केबल नको.

कॅथोडकिरण
आणि १६०० बाय ९०० ला हिणवू नकोस रे. ते १४ लाख ४० हजार पिक्सेल होतात, फुल एचडीचे २० लाख ७३ हजार. कार्डाचे जवळजवळ तीस टक्के काम तुझ्या मॉनिटरनेच वाचवले.

फ्रेमगणित
जाता जाता माझे मत नोंदवून ठेवतो. ४ जीबी मेमरी आज तोकडी आहे. परवडत असेल तर ३०५० चे ६ जीबी घ्या, ७० वॅट, वायर नाही, डीएलएसएस (लहान चित्र मोठे करून एफपीएस वाढवणारी सोय) मिळते. १६५० ला डीएलएसएस नाही.

सोल्डरताई
हे पहिल्यांदाच पटले. पण त्यांच्या प्रोसेसरची झेप साठाची आहे हे विसरू नका. त्याला एव्हीएक्स२ हा सूचनासंच नाही, त्यामुळे नव्यातले काही गेम कार्ड कोणतेही असो, सुरूच होणार नाहीत. जे गेम हे मशीन पेलू शकते, त्यांना ९०० च्या मॉनिटरवर १६५० पुरते. पुढे मशीन बदलायचे नक्की असेल आणि तेच कार्ड तिकडे न्यायचे असेल तर ३०५०. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

१६५० घेताना जीडीडीआर६ मेमरीवाली काही मॉडेल्स ६ पिन मागतात, फोटोत कार्डाची वरची कड बघूनच घ्या. "सुपर"ला तर वायर लागतेच, ते १०० वॅटचे आहे.

खटारास्वार
ठरले. ओळखीतल्याकडून वापरलेले १६५० मिळाले, एक पंखा, विनावायर, लांबी १७ सेंटीमीटर. समोर बसून जीपीयू-झेड उघडून बघितले, ८९६ कोअर, "फेक" नाही. रॅमच्या ४-४ च्या पट्ट्याही अदलाबदलीत मिळाल्या. आज रात्री बसवतो.

खटारास्वार
मंडळी, रडकुंडीला आलोय. कार्ड बसले, पंखा फिरतो, ड्रायव्हर टाकला, विंडोजला कार्ड दिसते. पण जीटीए १५ एफपीएस! जुने ७३० याहून बरे होते. फसलो का?

फ्रेमगणित
एसएमपीएस कमी पडतोय. म्हणालो नव्हतो?

पंखाफिरे
जुने ड्रायव्हर डीडीयू या सफाईच्या प्रोग्रामने साफ केले का? सेफ मोडमध्ये जाऊन करा.

एकशिंगी
तापमान बघा. पेस्ट वाळली असेल.

उंटावरचा_शहाणा
बायोस अपडेट?

सोल्डरताई
एक मिनिट. कन्व्हर्टर आला का?

खटारास्वार
नाही ताई, परवा येईल. पण पाठीमागे निळे पोर्ट होते ना, त्यातच लावली केबल.

सोल्डरताई
कुठल्या निळ्या पोर्टात? १६५० ला निळे पोर्ट नाही.

खटारास्वार
वरच्या... यूएसबीच्या शेजारी...

अरे देवा.

रिकामा_स्लॉट
ते मदरबोर्डचे पोर्ट आहे. तुम्ही रात्रभर प्रोसेसरमधल्या एचडी २५०० या अंगभूत ग्राफिक्सवर जीटीए खेळत होता. त्याने १५ दिले म्हणजे त्याचा सत्कार केला पाहिजे. टास्क मॅनेजरमध्ये १६५० चा वापर शून्य टक्के दिसत असेल.

खटारास्वार
शून्यच आहे. मी समजत होतो कार्ड इतके भारी की त्याला जोरच पडत नाही.

टिंगलखोर
या वाक्यासाठी धागा वाचनखुणांत साठवला आहे.

खटारास्वार
कन्व्हर्टर आला. सेटिंग्ज मधली, काही वरची, ९०० वर ५५ ते ६० एफपीएस. काकांच्या चाचणीत जो आकडा आला होता तोच, पण आता गवताची पाती वेगवेगळी दिसतात. रॅमच्या दोन पट्ट्यांमुळे गचकेही बरेच कमी झाले. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये मात्र धुमश्चक्री सुरू झाली की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाऊन बसतो आणि कार्ड निम्म्यावर वाट बघत असते. तिथे कार्डाचा इलाज नाही हे कळले.

सगळ्यांचे आभार. @पंखाफिरे, तुमच्या वितळलेल्या प्लगचे विशेष.

फ्रेमगणित
अभिनंदन. वर्षभराने ४ जीबी पुरत नाही म्हणून दुसरा धागा काढाल तेव्हा भेटूच.

कॅथोडकिरण
छान झाले. ते जुने ७३० विकू नकोस रे लगेच. त्याला व्हीजीए आहे ना? माझा ट्यूबचा मॉनिटर अजून ठणठणीत आहे, त्याला लावायला कार्ड मिळत नाही.

खटारास्वार
काका, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. धूळ पुसून पाठवतो.